बाटलीचे वय

बँकेच्या नोकरीत चौतीस वर्षे काढली. त्यातली निम्मीअधिक समोरचा कागद खरा की खोटा हे पाहण्यात गेली. सही जुळते का, मुद्रांक कोणत्या सालचा, तारखेवर खाडाखोड आहे का, साक्षीदार त्या दिवशी हयात होता का, असल्या शंका काढण्याचा मला पगार मिळत असे. पुढे कादंबऱ्या लिहू लागलो तेव्हा वाटले, आता हवे तसे खोटे बोलण्याची मोकळीक मिळाली. पण दोन्ही धंदे एकाच घरात नांदत असले की कधी ना कधी त्यांचे भांडण होतेच. माझ्या बाबतीत ते झाले सोड्याच्या दोन बाटल्यांवरून.

गेल्या दिवाळीत पुतण्या घरी आला आणि जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन बाटल्या त्याने टीपॉयवर ठेवल्या. मिरजेजवळच्या आमच्या गावचे घर पाडायला काढले आहे. माळ्यावरच्या एका पत्र्याच्या पेटीत त्या सापडल्या. दोन्ही गोटीच्या बाटल्या. गोटी सोड्याला हल्ली पुन्हा बरे दिवस आले आहेत. लग्नाच्या मांडवातही त्याची गाडी उभी असते. पुतण्याला हमरस्त्यावर तसलेच एक दुकान काढायचे होते आणि पाटीवर लिहायचे होते : ‘स्थापना १९२०’.

‘‘काका, या बाटल्या शंभर वर्षांपूर्वीच्या आहेत एवढं फक्त तुम्ही सांगा. तुमचा शब्द म्हणजे शिक्का.’’

हे १९२० साल आमच्या घराण्यात सर्वांना पाठ आहे. लोकमान्य गेले त्या वर्षी आजोबांनी विलायती सोड्याला उत्तर म्हणून गावात सोड्याचा कारखाना काढला. कारखाना म्हणजे एक खोली, हाताने फिरवायचे एक यंत्र आणि दोन गडी. बाटल्या म्हणे तळेगावच्या पैसा फंडाच्या काच कारखान्यातून आणल्या. लोकांकडून एकेक पैसा जमवून, टिळकांच्या पाठिंब्याने १९०८ साली उभा राहिलेला तो कारखाना. स्वदेशीच्या गोष्टीत तो आला की गोष्टीला वजन येते. पुढे १९४६ साली आजोबा वारले आणि कारखाना बंद पडला. थोरले काका ही गोष्ट सांगत तेव्हा शेवटच्या वाक्याला त्यांचा आवाज दाटून येई. माझ्या पहिल्या कादंबरीचा नायक याच आजोबांवरून घेतलेला आहे. तो मरतो त्या रात्री कारखान्याच्या दाराला कुलूप लागते. वाचकांना ते प्रकरण आवडले होते.

तेव्हा पुतण्याला ‘हो’ म्हणून टाकणे अगदी सोपे होते. पण मी चष्मा पुसला, टेबलावरचा दिवा लावला आणि बाटल्या उजेडात धरल्या. सवय, दुसरे काय!

गोटीची बाटली आपल्याला इतकी आपली वाटते की तिला कोणी जन्म दिला असेल असे मनातच येत नाही. पाण्यात वायू मिसळण्याची युक्ती जोसेफ प्रीस्टली या इंग्रज शास्त्रज्ञाने १७६७ साली साधली. जेकब श्वेप याने १७८३ मध्ये जिनिव्हात तिचा धंदा उभा केला. खरी अडचण होती ती हा वायू कोंडून ठेवण्याची. बुचाची साल वाळली की आकसते आणि वायू पळतो. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अंड्याच्या आकाराच्या, बूड नसलेल्या बाटल्या निघाल्या. त्या उभ्याच राहू शकत नसत. आडव्या पडल्या की पाणी बुचाला लागून राही आणि बूच ओले राही. मग १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या हायरम कॉड याने बुचालाच रजा दिली. बाटलीच्या तोंडाशी रबराचे कडे, मानेत काचेची गोटी. बाटली उलटी धरून भरायची. गोटी कड्यावर येऊन बसते आणि आतला वायूच तिला वर रेटून धरतो. जो पळायला बघतो त्यालाच पहाऱ्यावर बसवायचे, अशी ही अक्कल. मानेला दोन खळगे असतात तेही शोभेसाठी नव्हेत. ओतताना गोटीने तिथे अडकून बसावे, तोंडाशी येऊ नये, म्हणून ते केलेले असतात.

बाहेरच्या देशांत पत्र्याच्या बुचाने कॉडच्या बाटलीला घालवून दिले. बॉल्टिमोरच्या विल्यम पेंटर याने १८९२ साली त्या दातेरी बुचाचे पेटंट घेतले. स्वस्त, एकदा वापरून फेकायचे, यंत्राने बसवायचे. पुढे इंग्लंडमध्ये गोटीची बाटली संग्रहालयात गेली. जपानमध्ये ‘रामुने’ म्हणून ती राहिली आणि आपल्याकडे राहिली ती जत्रेत, एसटी स्टँडवर, उसाच्या रसाच्या गुऱ्हाळाशेजारी.

आता वय कसे ओळखायचे ते सांगतो. वाचकांपैकी पुष्कळांच्या माळ्यावर अशी एखादी बाटली असेल.

पहिली साक्ष बुडाची. जुन्या काळी बाटली फुंकून झाली की बुडाला लोखंडी सळई चिकटवून ती धरत आणि मग तोंड घडवत. सळई तोडली की खरखरीत वण राही. असा वण असेल तर बाटली सहसा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याची किंवा त्याआधीची. दुसरी साक्ष साच्याच्या सांध्याची. बाटलीच्या अंगावरून बोट वर न्या. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे बारीक उभी रेघ लागते. ती तोंडाच्या थोडी खालीच विरली असेल तर तोंड हाताने घडवलेले आहे. ती थेट कडेवरून पलीकडे गेली असेल तर बाटली यंत्राची. अमेरिकेत मायकेल ओवेन्स याचे बाटल्या करणारे स्वयंचलित यंत्र १९०३ च्या सुमारास आले, त्याआधी अशी बाटली सहसा मिळायची नाही.

मी हे सांगत होतो तोच पुतण्याने बोट फिरवले आणि त्याचा चेहरा उजळला. ‘‘काका, रेघ कडेपर्यंत नाही! दोन्हींवर नाही! म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्याच.’’

इथेच माणूस फसतो. गोटीच्या बाटलीत गोटी आधी टाकावी लागते आणि मग तोंड आवळावे लागते. हे काम आपल्या देशात फार काळ हातानेच होत राहिले. ओवेन्सच्या यंत्राचा नियम कोकाकोलाच्या बाटलीला लागू पडेल, गोटीच्या बाटलीला पडत नाही. काचेतल्या बुडबुड्यांचेही तसेच. मुंबईच्या चोरबाजारात बुडबुडे दाखवून ‘साहेब, ब्रिटिश जमान्यातली’ म्हणून सांगणारे भेटतात. पण बुडबुडे काच नीट न शिजल्याचे असतात. ते गेल्या वर्षीच्या बाटलीतही सापडतील.

मग पाहायचा तो मजकूर. मात्र छापलेल्या सालावर विश्वास ठेवण्याआधी ते साल कशाचे आहे हे विचारायचे. कोकाकोलाची कमरेत बारीक असलेली ती प्रसिद्ध बाटली अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात १९१५ साली आखली गेली. तिच्यावर ‘१६ नोव्हेंबर १९१५’ अशी तारीख असे. ती पेटंटची तारीख. बाटल्या पुढे कितीतरी वर्षे त्याच तारखेने निघत राहिल्या. नंतर ‘२५ डिसेंबर १९२३’ अशी तारीख आली, ती तर १९३० च्या दशकातल्या बाटल्यांवरही आहे. संग्राहक तिला नाताळची बाटली म्हणतात. नाताळच्या दिवशी ती कोणी घडवली नव्हती. आपल्या पुण्या-मुंबईच्या पारशी-इराणी सोड्याचेही असेच. मुंबईच्या पालनजींचे साल १८६५, पुण्याच्या अर्देशिरांचे १८८४. ही वर्षे घराण्यांची आहेत. परवा भरलेल्या बाटलीवरही ती असायचीच.

याच्या उलट, ज्या शब्दांनी वय सांगायचे मनात आणलेले नसते ते शब्द खरे बोलून जातात. क्लबांत आणि जुन्या बारमध्ये दांडा दाबला की सोडा उडवणारी जाड काचेची बाटली असे, ती सायफनची. अमेरिकेत त्या पाण्याला सेल्टझर म्हणतात, जर्मनीतल्या नीडरझेल्टर्स गावाच्या झऱ्यावरून. या सायफनच्या बुडाशी पुष्कळदा ‘मेड इन चेकोस्लोव्हाकिया’ असे असते. तो देश १९१८ च्या अखेरीस जन्मला आणि १९९२ संपताना नाहीसा झाला. म्हणजे बाटली १९१८ च्या आधीची असूच शकत नाही, मालक काहीही सांगो.

आपल्याकडे अशा खुणा भरपूर आहेत. बिल्ल्यावर, खोक्यावर किंवा बाटलीवर किंमत आण्यात असेल तर ती बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीची. ‘नये पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४ यांच्या दरम्यानची. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. इंग्रजीत ‘मुंबई’ असेल तर सहसा १९९५ नंतरची. आणि माप औंसात आहे की मिलिलिटरमध्ये हे पाहावे. दशमान मापांचा कायदा १९५६ चा. साठच्या दशकाच्या आरंभापर्यंत तो टप्प्याटप्प्याने अमलात आला.

आता आमच्या दोन बाटल्या. पहिली हिरवट, जड, तिच्यावर इंग्रजी अक्षरांत कुणा विलायती सोडावाल्याचे नाव. खांद्यावर आणि बुडाच्या कडेला काच घासून पांढुरकी झालेली. खोक्यात बाटलीवर बाटली आपटून, शेकडो वेळा धुऊन-भरून असे घट्टे पडतात. ही खरोखरच जुनी, आजोबांच्या आधीचीही असेल. पण ती आमची नव्हे. सोड्याच्या धंद्यात बाटल्या गावोगाव फिरत. छोटे कारखानदार भंगारवाल्याकडून दुसऱ्याच्या बाटल्या घेत आणि आपला सोडा भरत. बाटली जुनी म्हणून कारखाना जुना ठरत नाही. गहाण ठेवलेल्या दागिन्यावरून सावकाराचे वय ठरवण्यासारखे ते होईल.

दुसऱ्या बाटलीवर मात्र देवनागरीत आमचे आडनाव होते. उठावाची, ठसठशीत अक्षरे. लहानपणी हिच्यासारख्याच एका बाटलीला थोरले काका दसऱ्याला फूल वाहत. मी ती फिरवली. मागे बुडाजवळ, धुळीने भरलेल्या खाचेत आणखी काही होते. ओल्या रुमालाने हलकेच टिपले. ‘२०० मि. लि.’

मी पुन्हा वाचले. पुतण्यालाही वाचायला लावले.

१९४६ साली वारलेल्या माणसाने मिलिलिटरच्या बाटल्या कशा पाडून घेतल्या?

बँकेत असा कागद हाती आला की आम्ही दोन प्रश्न विचारायचो. हे कोणी केले आणि पैसे कोणी भरले? नावाची बाटली पाडून घ्यायची म्हणजे साचा करावा लागतो, काचवाल्याला आगाऊ रक्कम द्यावी लागते, शेकड्यांनी माल उचलावा लागतो. बंद पडलेला कारखाना हे करत नाही. आजोबांनंतर गावच्या घरात उरली होती आजी. माझे वडील पोस्टाच्या नोकरीत, थोरले काका मुंबईला. १९६५ साली वडिलांनी आजीला आमच्याकडे आणले. मला आठवते ती कोपऱ्यात वाती वळत बसलेली, कमी बोलणारी म्हातारी. तिच्या उजव्या हाताच्या अंगठ्याचा पेर सुजलेला असे. आम्ही ते वाताने आहे असे समजत होतो.

पुण्याला आत्या आहे. वय सत्त्याऐंशी, स्मरण खणखणीत. तिला फोन लावला. आजीच्या पाटल्यांचे आमच्या घरात असे सांगत की त्या आत्याच्या लग्नात गेल्या. सुरुवात तिथूनच केली.

‘‘माझ्या लग्नात? काय सांगतोस! माझं लग्न छप्पन्न साली झालं, तेव्हा पाटल्या आईच्या कपाटातच होत्या. पाटल्या गेल्या त्या बाटल्यांपायी. मी बाळंतपणाला गेले होते ना बासष्टला, तेव्हा मिरजेच्या स्टेशनावरून बैलगाडीनं खोकी आली. गवतात भरलेल्या बाटल्या. वजनं-मापं तपासणारा कोणी माणूस येऊन दम देऊन गेला होता, म्हणून नवीन मापाच्या करून घेतल्या तिनं.’’

‘‘म्हणजे कारखाना चालू होता?’’

‘‘चालू म्हणजे? दादा गेल्यावर सोळा-सतरा वर्षं आईनंच चालवला की. पहाटे यंत्र फिरवायची, दिवसा दुकानात बसायची. गिऱ्हाईकाला बाटली फोडून द्यायची ती अंगठ्यानं, लाकडी दट्ट्या हाती घेतला नाही कधी. बायकामाणसानं दुकानात बसायचं हे तुझ्या थोरल्या काकांना रुचत नव्हतं. मुंबईत कोणाला सांगायचे नाहीत ते. पण त्यांच्या खोलीचं भाडं जायचं त्या सोड्यातूनच.’’

मी फोन ठेवला. अंगठ्याचा पेर डोळ्यांपुढून हलेना.

थोरले काका खोटारडे नव्हते. बापाच्या मरणाबरोबर कारखाना मिटवला की गोष्ट सुबक होते, एवढेच. मीही तेच केले आणि त्याला कादंबरी म्हटले. मला माहीत नव्हते ही सबब आहे खरी. पण आजी आमच्या घरात नऊ वर्षे राहिली, तेव्हा आणि पुढे मोठा झाल्यावरही, तिच्याबद्दल मी एक प्रश्न कुणाला विचारला नाही. आणखी एक गोष्ट आठवली, ती सांगणे भाग आहे. एका तालुक्याच्या शाखेत असताना लोणच्यांचा धंदा करणारी एक विधवा बाई कर्जासाठी आली होती. हिशेबाची वही चोख होती. मी तिला म्हटले, ‘‘मुलाला घेऊन या, जामीन लागेल.’’ ती पुन्हा आली नाही. नियमात बसत होते ते. पण वही मी नीट पाहिली नव्हती. माझ्याच घरातल्या बाटलीवरचा मजकूर मी पाहिला नाही, तसेच ते.

पुतण्या थोडा हिरमुसला. ‘‘काका, १९२० लिहिलं तर तपासायला कोण येणार आहे?’’

कोणी येणार नाही, हे खरेच. जुनेपणाची हौस आपल्याला भारी. देऊळ पांडवांनी बांधलेले, वाडा पेशव्यांच्या वेळचा, घड्याळ ब्रिटिशांच्या काळातले. चार-दोन दशके इकडची तिकडे केली तर कोणाचे काय जाते, असे वाटते. पण जाते. ही बाटली १९२० ची म्हटली की ती आजोबांच्या खात्यावर जमा होते, आणि ज्या खात्यातून पैसे गेले ते खाते कोरेच राहते. बँकेत याला चुकीची नोंद म्हणतात आणि ती ध्यानात आली की दुरुस्त करावी लागते, मग कितीही वर्षे लोटलेली असोत.

मी त्याला विचारले, ‘‘पेटीत आणखी काय होतं?’’

‘‘काही नाही हो. उंदरांनी खाल्लेल्या पावत्या होत्या, एक वही होती. टाकून दिली.’’

त्या वहीत काय होते हे आता कधीच कळायचे नाही. आजीची सही मी पाहिलेली नाही. असती तर त्या वहीतच असती.

म्हणून हा लेख. घराची आवराआवर करताना जुनी बाटली सापडली तर तिला लगेच चिंच किंवा ॲसिड लावून लखलखीत करू नका. कागदी लेबल भिजवू नका, खाचेतली धूळसुद्धा आधी उजेडात वाचा. जिथे सापडली ती जागा आणि तिच्याबरोबर काय होते ते लिहून ठेवा. सोबतचे कागद आधी वाचा, मग रद्दीला द्या. साल सांगताना ‘अमक्या वर्षाची’ असे ठोकून देऊ नका. ‘अमक्या वर्षाच्या आधीची नाही’ असे म्हणा. काच एवढेच छातीठोकपणे सांगते, आणि एवढे पुष्कळ असते. मग घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला फोन करा. पुरुषांनी सांगितलेली गोष्ट तिला सांगा आणि ती कुठे थांबवते ते ऐका.

पुतण्याचे दुकान संक्रांतीला सुरू झाले. आजोबांनी कारखाना काढला हे खरे, पण १९२० चा एकही पुरावा आमच्यापाशी नाही, म्हणून पाटीवर साल घालायचे नाही असे ठरले. आजीचे नाव मात्र घातले. आत्याला त्याने गाडी करून आणले होते. तिने पहिली बाटली हातात घेतली, दट्ट्या बाजूला सारला आणि अंगठा लावून पाहिला. गोटी काही हलली नाही.

‘‘आईला कसं जमत होतं कोण जाणे,’’ ती म्हणाली, आणि बाटली तिने माझ्या हातात दिली. मलाही जमले नाही.